साइड ए जाताना, साइड बी येताना

दिवसाचे नऊ-दहा तास कानात इअरफोन. लोकलमध्ये गाणी, डेस्कवर गाणी, जिममध्ये गाणी, झोपताना पावसाचा आवाज. आणि रात्री जेवताना घरी कुणी विचारलंच, ‘आज काय ऐकलंस गं?’ तर उत्तर काय? ‘काही नाही गं आई, असंच... लागलं होतं काहीतरी.’

बॉस, घोळ इथेच आहे! ‘लागलं होतं’ म्हणजे आपण लावलं नव्हतं. अ‍ॅपला आपली आवड तोंडपाठ झालीय. कालच्या गाण्यासारखंच गाणं ते आज लावतं आणि आजच्यासारखंच उद्या. पहिल्यांदा अजिबात न आवडलेलं, पण चौथ्या वेळी अक्षरशः वेड लावणारं गाणं त्याच्या हिशेबात बसतच नाही, कारण आपण ते पहिल्याच वेळी पुढे ढकललेलं असतं.

यावर एक जुना, साधा उपाय आहे. अख्खा अल्बम ऐका. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, ज्यांनी तो बनवला त्यांनीच लावलेल्या क्रमानं. आणि सुरुवात करायचीच, तर साठ-सत्तरच्या दशकातल्या रॉक आणि पॉपपासून करा. ‘जुनं ते सोनं’ छाप आजोबागिरी म्हणून नव्हे हं. तेव्हा अल्बम बनायचेच एका विशिष्ट मापाचे, आणि ते माप तुमच्या-आमच्या रोजच्या प्रवासाला फिट्ट बसतं.

चाळीस मिनिटांचा फंडा

१९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं लाँग प्लेइंग रेकॉर्ड बाजारात आणली. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन-चार मिनिटं मावायची. ही नवी तबकडी मिनिटाला फक्त ३३ आणि एक तृतीयांश फेरे घ्यायची, तिच्यावरच्या रेषाही बारीक. त्यामुळे एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं मावू लागली. त्याहून जास्त कोंबलं की रेषा एकमेकींना चिकटणार, आवाज बारीक होणार. म्हणजे दोन बाजू मिळून झाली चाळीस-एक मिनिटं!

गंमत पुढेच आहे. सुई तबकडीच्या मध्याकडे सरकते तसा आवाजाचा स्वच्छपणा कमी होतो. त्यामुळे दणदणीत गाणी सुरुवातीला आणि शांत गाणी बाजूच्या शेवटाला, असं बऱ्याचदा केलं जायचं. शिवाय साइड ए संपली की ऐकणाऱ्याला उठून तबकडी पालटावी लागणार. त्याला उठावंसं वाटलं पाहिजे ना? मग साइड बीची सुरुवातही जोरदार हवी. थोडक्यात काय, एका अल्बमला दोन सुरुवाती आणि दोन शेवट असायचे, आणि कुठलं गाणं कुठे यावर बँडमध्ये भांडणं व्हायची.

आता आपला हिशेब मांडा. बोरिवली ते चर्चगेट फास्ट लोकल म्हणजे पाऊण ते एक तास. कोथरूडहून हिंजवडी... जाऊ दे, त्याबद्दल न बोललेलंच बरं. अख्खा अल्बम सकाळीच संपवा, नाहीतर साइड ए जाताना आणि साइड बी येताना ऐका. मधले नऊ तास पहिली बाजू डोक्यात मुरू द्या. हे दुसरं जास्त मजेशीर आहे, करून बघा.

ऑफिसात एक्स असेल तर

पहिली शिफारस, डोळे मिटून: फ्लीटवुड मॅकचा ‘रूमर्स’, साल १९७७.

कल्पना करा. पाच जणांची टीम आहे. त्यातल्या बास वाजवणाऱ्या जॉन मॅक्वी आणि कीबोर्ड वाजवणाऱ्या क्रिस्टीन मॅक्वी या नवरा-बायकोचा घटस्फोट चाललाय. गिटारवाला लिंडसे बकिंगहॅम आणि गायिका स्टीव्ही निक्स यांचं इतक्या वर्षांचं प्रकरण संपलंय. ड्रमर मिक फ्लीटवुडचं घरीही काही धड नाही. आणि प्रोजेक्टची डेडलाइन आहे! सुट्टी नाही, ट्रान्सफर नाही, वर्क फ्रॉम होम तर नाहीच नाही. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉसालिटोच्या एका बिनखिडक्यांच्या स्टुडिओत हे पाच जण रोज एकमेकांसमोर बसत होते.

बरं, नुसते बसत नव्हते. एकमेकांवर गाणी लिहीत होते आणि ती एकमेकांकडून वाजवून घेत होते. लिंडसेनं ‘गो युवर ओन वे’ लिहिलं ते स्टीव्हीला उद्देशून. त्यात मागे कोरस कोण गातंय? स्टीव्ही. क्रिस्टीननं ‘यू मेक लव्हिंग फन’ लिहिलं ते बँडच्या लाइट्सवाल्यावर, ज्याच्याबरोबर तिचं तेव्हा जमलं होतं. नवऱ्याला तिनं सांगितलं की हे गाणं आपल्या कुत्र्यावर आहे! आणि त्या गाण्यावर बास वाजवलाय जॉननं. नीट ऐका, काय सुंदर वाजवलाय. मनात काय चाललं असेल कुणास ठाऊक, पण बोटं एकदाही चुकलेली नाहीत.

आता दोन बाजूंचा फंडा इथे लावून बघा. साइड ए संपते ‘साँगबर्ड’वर. फक्त क्रिस्टीनचा आवाज, पियानो आणि हलकीशी गिटार. स्टुडिओतला कोंदट आवाज नको म्हणून हे गाणं बर्कलीच्या एका रिकाम्या सभागृहात रेकॉर्ड केलं होतं. ती सगळी हवा त्यात ऐकू येते. मग शांतता. मग साइड बी उघडते ‘द चेन’नं. पाचही जणांचं नाव असलेलं अल्बममधलं हे एकमेव गाणं, वेगवेगळ्या अर्धवट तुकड्यांची जोडाजोड करून बनवलेलं. शेवटाकडे सगळं थांबतं आणि एकटा बास सुरू होतो... फॉर्म्युला वनच्या चाहत्यांना ती सुरावट माहीत असते, कारण बीबीसीनं ती वर्षानुवर्षं शर्यतींच्या प्रक्षेपणाला वापरली. शफलवर ऐकलंत तर ‘साँगबर्ड’नंतर ‘द चेन’ हा धक्का तुम्हाला कधीच मिळणार नाही.

आणि तबकडीच्या मापानं केलेला एक अन्यायही याच अल्बममध्ये आहे. स्टीव्हीचं ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ हे गाणं लांब होतं, मावेना. काढून टाकलं. ते कुठे गेलं माहितेय? ‘गो युवर ओन वे’च्या सिंगलच्या मागच्या बाजूला! म्हणजे त्याचं तिच्यावरचं गाणं पुढे आणि तिचं त्याच्यावरचं गाणं मागे. आज बऱ्याच आवृत्त्यांमध्ये ते परत आलंय. आधी मूळ ११ गाणी ऐका, मग ते वेगळं.

‘रूमर्स’ अमेरिकेत ३१ आठवडे पहिल्या नंबरवर होता, १९७८ चं अल्बम ऑफ द इयर ग्रॅमी त्यालाच मिळालं आणि २०२० मध्ये स्केटबोर्डवर सरबत पीत जाणाऱ्या एका माणसाच्या व्हिडिओमुळे ‘ड्रीम्स’ पुन्हा जगभर गाजलं. क्रिस्टीन मॅक्वी २०२२ मध्ये गेली. एवढ्या जुन्या भांडणांचा हिशेब आता ठेवायचाय कुणाला? पण ऐकताना अजूनही वाटतं की आपण चुकून कॉन्फरन्स रूमचं दार उघडलंय आणि आत कुणाचं तरी वैयक्तिक बोलणं चाललंय.

एकाच वर्षातले तीन

१९७१ हे साल लक्षात ठेवा. त्या एका वर्षात इतके अल्बम आले की मोजताना दमछाक होईल. आपण तीन घेऊ.

कॅरोल किंगचा ‘टॅपेस्ट्री’. ही बाई मुळात गाणी लिहून दुसऱ्यांना देणारी. ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ तिनं नवऱ्याबरोबर लिहिलं तेव्हा ती होती अठरा वर्षांची, आणि ‘द शिरेल्स’ या मुलींच्या ग्रुपनं ते गाऊन नंबर वन केलं. दहा वर्षं दुसऱ्यांच्या आवाजात हिट्स दिल्यावर, घटस्फोट घेऊन, दोन मुलींना घेऊन ती लॉस एंजलिसला आली आणि अठ्ठाविसाव्या वर्षी तेच गाणं स्वतः गायली. एकदम संथ. अठराव्या वर्षी त्या प्रश्नात धडधड होती. अठ्ठाविसाव्या वर्षी विचारणारीला उत्तराचा अंदाज आहे, तरी ती विचारतेय. पंचविशी-तिशीतल्या वाचकांनी हे मुद्दाम ऐकावं. अल्बम १५ आठवडे पहिल्या नंबरवर राहिला आणि पुढच्या वर्षी तिला चार ग्रॅमी मिळाली. मागे कोरसला जोनी मिचेल आहे, गिटारवर जेम्स टेलर.

ती जोनी मिचेल त्याच सुमारास, त्याच ए अँड एम स्टुडिओच्या इमारतीत स्वतःचा अल्बम करत होती. ‘ब्लू’. जेम्स टेलर इथेही आहे. म्हणजे एकाच कॉरिडॉरमध्ये दोन दारांआड हे दोन अल्बम! पण स्वभाव पार वेगळा. ‘टॅपेस्ट्री’ तुमच्या शेजारी येऊन बसतो. ‘ब्लू’ला तुमच्याशी काही देणंघेणं नाही. एक बाई, गिटार किंवा पियानो, कधी डल्सिमर नावाचं मांडीवर ठेवून वाजवायचं वाद्य, आणि आवाज असा की अंगावर पांघरूणच नाही. सक्त सूचना: हा ८.२२ च्या विरार लोकलमध्ये ऐकायचा नाही. कुणाचा तरी कोपर बरगडीत असताना ‘रिव्हर’ ऐकणं हा गाण्यावरही अन्याय आणि कोपरावरही. रात्री अकरानंतर, दिवा मालवून. जेमतेम ३६ मिनिटांचा आहे. २०१५ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावानंतर जोनीला चालणं-बोलणं पुन्हा शिकावं लागलं आणि २०२४ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, ती ग्रॅमीच्या मंचावर गायली. ‘ब्लू’ ऐकून झाल्यावर तो व्हिडिओ बघा. आधी नको.

तिसरा, मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’. आणि इथे थोडं थांबूया, कारण ही गोष्ट अस्सल ऑफिसातली आहे.

डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीचा मालक बेरी गॉर्डी पूर्वी मोटारींच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर काम करायचा. गाण्यांची कंपनी त्यानं तशीच चालवली. लिहिणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, गाणारे वेगळे आणि दर आठवड्याला चक्क क्वालिटी कंट्रोलची मीटिंग! सिस्टिम भन्नाट चालली, हिट्सचा पाऊस पडला. मार्विन हा त्यातला स्टार, रोमँटिक गाण्यांचा हुकमी एक्का. त्यानं १९७० मध्ये युद्ध, पोलिसांच्या लाठ्या आणि भावाभावांतल्या संवादावरचं एक गाणं केलं. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या त्याच्या भावाचे अनुभव मनात घोळत होते. बॉसनं ऐकलं आणि सांगितलं, हे चालणार नाही. मार्विननंही सांगितलं, मग मी दुसरं काही करणारच नाही!

शेवटी जानेवारी १९७१ मध्ये सिंगल बाहेर आलं आणि अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या नंबरपर्यंत चढलं. मग काय, बॉसच म्हणाला की आता अख्खा अल्बम कर, आणि लवकर कर. मार्चमध्ये भराभर रेकॉर्डिंग, मेमध्ये अल्बम दुकानात. मोटाऊनच्या इतक्या हिट्सवर वाजवणाऱ्या ‘फंक ब्रदर्स’ या वादकांची नावं या अल्बमच्या कव्हरवर छापली गेली. तोवर ही मंडळी बिननावाचीच राबत होती. तुमच्या प्रेझेंटेशनवर कधी फक्त मॅनेजरचं नाव आलं असेल, तर ही ओळ दोनदा वाचा.

गाणी एकमेकांत मिसळून जातात. एक संपलं कधी आणि दुसरं सुरू झालं कधी, कळतच नाही. पहिल्या गाण्याची सुरावट पुढे पुन्हा डोकावते. त्यामुळे यातलं एकच गाणं प्लेलिस्टमध्ये टाकणं म्हणजे पुरणपोळीतलं पुरण बोटानं काढून खाणं. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या ५०० सर्वोत्तम अल्बमच्या यादीत २००३ आणि २०१२ ला पहिला होता बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’. २०२० मध्ये यादी नव्यानं केली तेव्हा पहिला आला हा. यादीवर जाऊ नका म्हणा, पण या वेळी यादी बरोबर आहे.

बीटल्स: कुठून सुरू करू यार?

हा प्रश्न हमखास येतो आणि त्यावर चार जणांची पाच मतं असतात. १९६५ चा ‘रबर सोल’ ऐकून तिकडे अमेरिकेत बीच बॉइजच्या ब्रायन विल्सननं चंग बांधला आणि १९६६ मध्ये ‘पेट साउंड्स’ केला. तो ऐकून पॉल मॅकार्टनी हलला आणि १९६७ मध्ये ‘सार्जंट पेपर’ आला. ही चुरस ज्यांना क्रमानं ऐकायची असेल त्यांनी एक आठवडा काढावा, पैसा वसूल आहे. ‘पेट साउंड्स’ ऐकताना एवढं लक्षात असू द्या की विल्सनला उजव्या कानानं जवळपास ऐकूच येत नव्हतं. म्हणून त्यानं तो मोनोमध्ये केला आणि तो मोनोमध्येच ऐकावा. २०२५ च्या जूनमध्ये तो गेला.

पण नवख्यांनी थेट ‘अ‍ॅबी रोड’ लावावा, १९६९ चा. रस्ता ओलांडणारे चौघे, तोच तो. ‘लेट इट बी’ बाजारात नंतर आला, पण शेवटचा घडवलेला अल्बम खरं तर हा. चौघांचं फाटलेलं होतं. अर्धवट राहिलेली, एक-दोन मिनिटांची गाणी पडून होती. त्यांचं काय करायचं? मॅकार्टनी आणि निर्माता जॉर्ज मार्टिन यांनी ती एकापुढे एक जोडली, आणि साइड बीचा मोठा भाग म्हणजे न थांबणारी सोळा मिनिटांची एक सलग माळ झाली. बँड तुटत असताना उरल्यासुरल्या तुकड्यांतून असं काही करता येतं, हे ऐकल्याशिवाय पटत नाही. सेटिंगमध्ये ‘गॅपलेस’ चालू आहे ना, तेवढं बघा, नाहीतर जोडावर खटके बसतील. सगळं संपल्यावर काही सेकंद शांतता आणि मग अचानक २३ सेकंदांचं ‘हर मॅजेस्टी’. ते खरं तर माळेतून काढून टाकलं होतं. पण स्टुडिओतल्या पोराला सक्त ताकीद होती की बीटल्सचं काहीही फेकायचं नाही, म्हणून त्यानं ते टेपच्या शेवटी चिकटवून ठेवलं!

जॉर्ज हॅरिसनवर मात्र वेगळं लक्ष द्या. लेनन-मॅकार्टनीच्या गर्दीत या बिचाऱ्याला दर अल्बमला एक-दोन गाण्यांचा कोटा. इथल्या दोन गाण्यांत त्यानं ‘समथिंग’ आणि ‘हिअर कम्स द सन’ दिलं. दुसरं त्यानं मीटिंगांना कंटाळून, दांडी मारून, मित्र एरिक क्लॅप्टनच्या बागेत बसून लिहिलं. (हा दाखला रजेच्या अर्जाला जोडू नये.) आणि हो, हाच जॉर्ज जानेवारी १९६८ मध्ये आपल्या मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांबरोबर ‘वंडरवॉल म्युझिक’साठी रेकॉर्डिंग करत होता. चार वर्षांनी, १९७२ मध्ये, लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँटही मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर रेकॉर्डिंग करून गेले.

पाचगणीचा पोरगा

पाचगणीला स्ट्रॉबेरी क्रीम खायला जाता ना? तिथल्या सेंट पीटर्स शाळेत झांझिबारहून आलेला एक पारशी मुलगा बोर्डिंगला होता. फारूख बलसारा. शाळेत त्यानं ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला होता आणि त्यात तो पियानो वाजवायचा. पुढे त्याचा फ्रेडी मर्क्युरी झाला.

क्वीनचा ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ १९७५ चा. ‘बोहेमियन रॅप्सडी’ सगळ्यांना पाठ, २०१८ च्या सिनेमानंतर तर लहान मुलांनाही. पण ते अल्बममध्ये कुठे येतं? शेवटून दुसरं. तोवर तुम्ही आणखी दहा गाण्यांतून, दहा वेगवेगळ्या मूडमधून गेलेले असता. म्हणून ते तिथे पोचल्यावर वेडेपणा वाटत नाही, हक्काचं वाटतं. अल्बमची सुरुवातच बँडच्या जुन्या मॅनेजरला उद्देशून लिहिलेल्या जळजळीत शिव्याशापांनी होते. अप्रेझलच्या आठवड्यात उपयोगी! साइड बीवरचं ‘द प्रॉफेट्स साँग’ मात्र स्पीकरवर नको, हेडफोनवरच. मधे फ्रेडीचा एकटा आवाज स्वतःच्याच प्रतिध्वनीबरोबर या कानातून त्या कानात फिरतो.

टी-शर्टवरचा त्रिकोण

पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’चा टी-शर्ट घालणारे जितके, तितके अल्बम शेवटपर्यंत ऐकणारे नसावेत, असा आमचा दाट संशय आहे. १९७३ चा हा अल्बम अमेरिकेच्या यादीत १९८८ पर्यंत ७४१ आठवडे होता. लिहिणारा रॉजर वॉटर्स तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होता आणि त्याला एकदम जाणवलं होतं की आयुष्य ‘सुरू होणार’ वगैरे काही नसतं, ते केव्हाच सुरू झालंय. ‘टाइम’ हे गाणं त्यातूनच आलं. सोमवारी सकाळी ऐकू नका, राजीनामा द्यावासा वाटेल.

साइड एच्या शेवटी शब्दच नसलेलं, फक्त एका बाईच्या आवाजातलं गाणं आहे. क्लेअर टॉरी नावाच्या सेशन गायिकेला बोलावून सांगितलं, शब्द नाहीत, मृत्यूचा विचार कर आणि गा. तिनं थोडेच टेक दिले, ३० पाउंड घेतले आणि घरी गेली. पुढे २००४ मध्ये तिनं दावा लावला, २००५ मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून त्या गाण्याच्या रचनाकारांत तिचंही नाव लागतं. फ्रीलान्सर मंडळींनी कृपया नोंद घ्यावी. अल्बमच्या सुरुवातीला आणि शेवटाला ऐकू येतात ती हृदयाची धडधड. मधे बोलण्याचे जे तुकडे येतात ते वॉटर्सनं स्टुडिओतल्या लोकांना कार्डावर प्रश्न देऊन मिळवलेली खरी उत्तरं आहेत. मॅकार्टनीचीही मुलाखत घेतली होती, ती नाही वापरली. शेवटचं वाक्य स्टुडिओच्या दारवानाचं आहे.

पटकन सांगायचं तर

ईगल्सचा ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ (१९७६) कॉलेज फेस्टिव्हलांनी पार चोथा केलाय, मान्य. तरी एकदा शेवटचं ‘द लास्ट रिसॉर्ट’ येईपर्यंत नेटानं ऐका, मग पहिल्या गाण्याचा अर्थही बदलतो. पॉल सायमनचा ‘ग्रेसलँड’ (१९८६) शुक्रवार संध्याकाळचा. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवर सांस्कृतिक बहिष्कार असताना तो जोहान्सबर्गला जाऊन तिथल्या वादकांबरोबर काम करून आला म्हणून भरपूर वादही झाला. तो वाद वाचण्यासारखा आहे आणि संगीत थांबून ऐकण्यासारखं. ‘यू कॅन कॉल मी अल’मधला बासचा तुकडा बकिती कुमालोनं अर्धाच वाजवला, उरलेला अर्धा म्हणजे तीच टेप उलटी फिरवलेली.

मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ (१९८२) ऐका असं सांगायची गरज नाही. नऊपैकी सात गाणी सिंगल म्हणून आली, तो जवळपास हिट्सचाच संग्रह आहे. १९९६ मध्ये तो अंधेरीच्या क्रीडा संकुलात नाचून गेला तेव्हा अख्ख्या मुंबईला ती पाठ होती. आमचं मत ‘ऑफ द वॉल’ला (१९७९). क्विन्सी जोन्सबरोबरचा त्याचा पहिला अल्बम, दोन्ही बाजू धरून ४१ मिनिटं. मायकल जेमतेम विशीचा आणि गाताना हसू लपवता येत नसलेला.

डायर स्ट्रेट्सच्या ‘ब्रदर्स इन आर्म्स’पाशी (१९८५) हा सगळा चाळीस मिनिटांचा हिशेब मोडला. दहा लाख सीडी खपलेला तो पहिला अल्बम. सीडीवर तो ५५ मिनिटांचा होता आणि एलपीवर त्यातली काही गाणी कापून लहान केली होती. त्यानंतर सीडीत सत्तरच्या वर मिनिटं मावतात म्हटल्यावर लोकांनी ती भरायला सुरुवात केली. नव्वदीतले कितीतरी अल्बम वीस मिनिटांनी लहान असते तर ग्रेट ठरले असते. कुणाचे ते तुम्हीच ठरवा, आम्हाला चाहत्यांची पत्रं नकोत.

लावण्याआधी दोन मिनिटं

शफल बंद. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये अडेलच्या सांगण्यावरून स्पॉटिफायनं अल्बमच्या पानावरचं मोठं शफलचं बटण मागे घेतलं, पण जुन्या सवयी जात नाहीत. ऑटोप्ले बंद, नाहीतर अल्बमच्या शेवटच्या शांततेवर दुसरंच कुणीतरी येऊन गायला लागतं. ‘डीलक्स’ किंवा ‘अ‍ॅनिव्हर्सरी’ आवृत्ती उघडली तर ३५-४० ट्रॅक दिसतील. घाबरू नका, मूळ यादी शोधा आणि ती संपली की थांबा. डेमो आणि आउटटेक नंतर, प्रेमात पडल्यावर. आणि ‘ग्रेटेस्ट हिट्स’पासून तूर्त लांब राहा. त्यात गाणी सगळी असतात, पण ती एकमेकांना ओळखत नाहीत.

मित्रांना शिफारस करायची असेल तर रात्री एक वाजता ग्रुपवर सतरा लिंका टाकू नका. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. तिथे काउंटरवरचा माणूस आधी विचारायचा की सध्या काय ऐकताय, आणि मग एकच काहीतरी हातात ठेवायचा. तसंच करा. एका माणसाला एक अल्बम, आणि तो त्यालाच का, ते एका वाक्यात. ब्रेकअप झालेल्या मैत्रिणीला ‘रूमर्स’ द्या. नुकतंच झालं असेल तर ‘ब्लू’ देऊ नका, महिनाभर थांबा. नोकरी सोडू का धरू अशा मन:स्थितीतल्या मित्राला मार्विन गे. आणि पंधरा दिवसांनी ‘ऐकलास का?’ असं विचारायचं नाही. ‘साइड बीचं पहिलं गाणं कसं वाटलं?’ असं विचारायचं. लगेच कळतं.

रविवारसाठी एक राखून ठेवलाय. स्टीव्ही वंडरचा ‘साँग्ज इन द की ऑफ लाइफ’, १९७६. हा लोकलमध्ये बसणार नाही. दोन तबकड्या, तरी पुरलं नाही म्हणून बरोबर चार गाण्यांची आणखी एक छोटी तबकडी, एकूण पावणेदोन तास. त्याआधी दोन वर्षं लागोपाठ अल्बम ऑफ द इयर ग्रॅमी स्टीव्हीलाच मिळालं होतं. हा अल्बम लांबत गेला, १९७५ मध्ये त्याचं काहीच आलं नाही, आणि १९७६ च्या सोहळ्यात ते ग्रॅमी पॉल सायमनला मिळालं, तेव्हा त्यानं मंचावरून स्टीव्हीचे आभार मानले: यंदा अल्बम काढला नाहीत म्हणून! पुढच्या वर्षी अर्थातच पुन्हा स्टीव्ही. ‘पास्टटाइम पॅरडाइज’ सुरू झालं की नव्वदीतल्या मंडळींचे कान टवकारतील, कूलिओचं १९९५ चं ‘गँगस्टाज पॅरडाइज’ त्यावरच उभं आहे. पहिली तबकडी पोह्यांबरोबर, दुसरी अंघोळीनंतर. ती चार जादा गाणी जेवण झाल्यावर, पंखा फुल्ल करून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.